पावसाळ्याआधी राहती बोट बंद करताना

प्रश्न: ३८ फुटी, फायबरग्लासची शिडाची बोट. नवरा-बायको बारा महिने तिच्यावरच राहतात. सध्या मुक्काम मलेशियातल्या लंकावी बेटावर, मरिनात (बोटी बांधून ठेवायच्या बंदरात). मेच्या मध्यावर पुण्याला घरी यायचं आहे, परत जायचं ते ऑक्टोबरअखेर. बोटीत अख्खा संसार कोंबलेला आहे. काय काढायचं, काय ठेवायचं, आवराआवरीला सुरुवात कुठून करायची, आणि बोट पाण्यातच ठेवावी की यार्डात वर काढावी?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचं बरंचसं त्यावर ठरतं. साडेपाच महिन्यांसाठी बोट वर काढा. पाण्यातली बोट बुडायला एक कुजलेला होज किंवा गंजून तुटलेली एक क्लिप पुरते, आणि तुम्ही पुण्यात असताना ते कळणार दुसऱ्याच कुणाला तरी, तेही उशिरा. यार्डात टेकूंवर उभी असलेली बोट बुडत नाही, पण पावसाच्या पाण्याने आतून भरू शकते. बॅटरी मेली की बिल्ज म्हणजे तळाच्या पोकळीतलं पाणी उपसणारा बिल्जपंप बंद, मग पाणी चढत चढत इंजिनाला लागतं. डोलकाठी डेकमधून खाली उतरून कीलवर (बोटीच्या तळाच्या कण्यावर) टेकलेली असेल तर आत पाणी येणारच असं धरून चाला. काठीच्या आतून, दोऱ्यांच्या खाचांमधून उतरणारा पाऊस डेकवर काठीभोवती बसवलेल्या रबरी बुटाने अडत नाही. बोटीच्या तळाला ड्रेन प्लग असेल तर तो काढून सुकाणूच्या चाकाला बांधून ठेवा. टेकू लावताना यार्डवाल्यांना सांगून बोट कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या खोलगट बसायच्या जागेच्या) ड्रेनकडे किंचित उतरती करून घ्या. हे सांगायचं राहिलं तर कॉकपिटात तळं साचतं.

वादळाची चिंता लंकावीत फारशी नाही. बेट साधारण ६ अंश उत्तरेला आहे, चक्रीवादळांचा पट्टा त्याच्या वर राहतो. पण तुमच्या गैरहजेरीचे महिने नेमके पावसाचे आहेत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाचा जोर सर्वांत जास्त. म्हणून खरी लढाई ओल, बुरशी, किडे आणि कडाडणाऱ्या विजा यांच्याशी आहे.

आता पसारा. बोट कमी सामानात छान दिसते म्हणून ती रिकामी करायची नसते. कारणं दोनच: प्रत्येक लॉकरमध्ये हवा फिरली पाहिजे, आणि तुमच्या गैरहजेरीत येणाऱ्या परक्या माणसाचा हात सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकांवरचे वॉल्व्ह), बिल्जपंप आणि बॅटरीच्या मुख्य स्विचपर्यंत काही न हलवता पोचला पाहिजे. एखादी वस्तू ठेवावी की काढावी असा प्रश्न पडला तर ती या दोहोंपैकी कशाच्या आड येते एवढंच बघा. "कधीतरी लागेल" हा मुद्दा सुट्या भागांना चालतो, तिसऱ्या प्रेशर कुकरला नाही.

सहा आठवडे आधी सुरुवात करा. पहिल्या दिवशी काहीही फेकू नका. प्रत्येक लॉकरला नंबर द्या: डावीकडचे 'डा-१' पासून, उजवीकडचे 'उ-१' पासून, पुढून मागे. प्रत्येकाचा उघड्या दाराने एक फोटो घ्या आणि आत काय आहे ते मोबाइलवर एका शीटमध्ये उतरवा. ही यादी नंतर तीन ठिकाणी कामाला येते. विमा कंपनीला द्यायला, पुण्याहून परत येताना कोणते सुटे भाग आणायचे ते ठरवायला, आणि "इम्पेलर कुठे ठेवलाय?" (म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) असं यार्डातून कुणी विचारलं तर एका ओळीत उत्तर द्यायला. मग रोज दोन लॉकर, जास्त नाहीत. एका दिवसात सगळी बोट उपसली तर संध्याकाळी झोपायला बंक उरत नाही आणि सगळं होतं तसंच परत कोंबलं जातं.

लॉकर रिकामा झाला की आधी कोरड्या बोटाने त्याची आतली भिंत पुसा आणि बोट चाटून बघा. खारट लागलं तर तिथे मीठ आहे, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं. नुसतं पुसून ते जात नाही. गोड्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, फडकं पिळलेलं पाणीही बदला. त्यानंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून एक हात, आणि ते वाळल्यावर टाकणखाराच्या पाण्याचा एक हात, एक लिटर कोमट पाण्यात तीन-चार मोठे चमचे. टाकणखार पुसून काढायचा नाही. त्याचा पातळ थर राहतो आणि बुरशीला रुजू देत नाही. क्लोरीनच्या ब्लीचचा मोह टाळा. डाग पांढरा होतो खरा, पण स्टीलला गंजाचे ठिपके पडतात, गाद्यांची शिवण कमजोर होते, आणि ब्लीचनंतर चुकून व्हिनेगर लागलं तर विषारी वायू तयार होतो.

काढायच्या गोष्टींत पहिला नंबर पुठ्ठ्याचा. खोकी, अंड्यांचे ट्रे, औषधांची वेष्टनं, फिल्टरचे डबे, सगळं. पुठ्ठा ओल धरतो आणि झुरळांची अंडी त्याच्याच पन्हळींत बोटीवर येतात. सुटे भाग प्लास्टिकच्या झिपच्या पिशव्यांत, भाग क्रमांकाची चिठ्ठी आत टाकून.

धान्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. तांदूळ, डाळी, कणीक, रवा, पोहे, शेंगदाणे, मसाले यातलं काहीही ठेवायचं नाही. घट्ट झाकणाच्या डब्यातही पोरकिडे होतात, कारण अंडी धान्यातूनच आलेली असतात. शेवटचे सहा आठवडे खरेदी बंद करा आणि आहे ते संपवा. उरलेलं शेजारच्या बोटींना वाटून टाका, मरिनात कुणी ना कुणी घेतंच. डबाबंद पदार्थांपैकी टोमॅटो, अननस असे आंबट डबे आधी फुगतात आणि फुटतात, ते काढाच. लंकावी ड्युटी-फ्री असल्याने बिल्जमध्ये बियरचे कॅन रचलेले असतात, तेही. ॲल्युमिनियमचा कॅन कागदासारखा पातळ असतो. खारट ओलीने त्याला सुईएवढं भोक पडतं आणि गळालेल्या बियरवर मुंग्यांची रांग लागते. ठेवायचंच असेल तर काचेच्या बरणीत मीठ, साखर आणि चहा.

ज्या वस्तू न वापरता आपोआप खराब होतात त्यांची वेगळी यादी करा, कारण त्या हटकून विसरल्या जातात. टॉर्च आणि रिमोटमधले सेल काढा, ते पाझरतात. स्प्रेचे डबे बुडाच्या कडेने गंजतात आणि लॉकरभर फवारतात. सीलंटची उघडलेली ट्यूब परत येईपर्यंत दगड झालेली असते. पॉलियुरेथेनचे तळ असलेले बूट दमट हवेत आपोआप भुगा होतात, आणि जुन्या पावसाळी जॅकेटचं आतलं आवरण चिकट होऊन सुटतं. हे दोन्ही घरी न्या किंवा सोडून द्या. चामड्याचं काहीही ठेवू नका.

कपडे आणि अंथरुणं गोड्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा आणि व्हॅक्यूमच्या पिशव्यांत भरा, पण दुपारी तीनच्या आत. संध्याकाळी हवेतली ओल वाढते. किंचित दमट चादर हवाबंद पिशवीत गेली की आत बुरशी निवांत वाढते. गाद्या काठावर उभ्या करा, भिंतीला टेकवू नका. बंकखालच्या फळ्या उघड्या ठेवा, फरशीच्या दोन-तीन फळ्या उचलून ठेवा, सगळी दारं आणि ड्रॉवर दोरीने अर्धवट उघडे बांधा. फ्रिज बर्फ वितळवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, दारात लाकडी उलथनं अडकवून उघडा ठेवा. पुस्तकं घट्ट रांगेत लावली की मधल्या मध्ये बुरशी धरतात. चार-पाच काढून रांग सैल करा, लाडकी घरी न्या.

पाच महिने बंद राहिलेल्या बोटीत हवा कोरडी ठेवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की दोन्ही फसतात.

पहिला मार्ग, यार्डात मालक नसतानाही वीज चालू ठेवू देत असतील तर. बऱ्याच ठिकाणी आगीच्या भीतीने देत नाहीत, म्हणून आधी विचारा. कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर घ्या, दिवसाला १० ते १२ लिटर काढणारा. उष्ण हवेत तोच चांगला चालतो. डेसिकंटचे (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारे) मॉडेल थंड देशांसाठी, इथे ते केबिन उगाच तापवतात. वीज जाऊन आली की आपोआप सुरू होणारं मॉडेल पाहिजे. बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारं असेल तर पहिल्या वीज जाण्यालाच तुमचा खेळ संपला. आर्द्रता ५५ टक्क्यांवर लावा. ६५ च्या वर बुरशी धरते, आणि ४० च्या खाली नेलीत तर सागवानी दारं आक्रसून भेगाळतात. डिह्युमिडिफायर बेसिनशेजारी उंचावर ठेवा, टाकीला भरवसा न ठेवता त्याची नळी थेट बेसिनच्या भोकात बांधा, आणि बेसिनचा सीकॉक उघडा आहे ना ते बघा. या मार्गात सगळे व्हेंट बंद करायचे, नाहीतर यंत्र लंकावीचं आकाश वाळवत बसतं. एक्स्टेंशनवर दुसरं एक्स्टेंशन लावू नका आणि किनाऱ्याच्या विजेच्या प्लगची पिन काळवंडलेली दिसली तर तो आधी बदला. सतत भार असला की आग तिथूनच लागते.

दुसरा मार्ग, वीज नसेल तर: बोट मोकळी श्वास घेऊ द्या. सौर पंख्याचे दोन व्हेंट, एक हवा आत ओढणारा, एक बाहेर फेकणारा, दोन टोकांना. हॅच (डेकवरचं झाकण) बोटभर फटीवर अडकवून वर ताडपत्री, जी हॅचच्या दोन्ही बाजूंना हातभर पुढे येईल. निळी स्वस्त ताडपत्री इथल्या उन्हात काही महिन्यांत चिंध्या होते आणि तिचे धागे ड्रेनमध्ये अडकतात. जाड कॅनव्हास किंवा दाट शेडनेट घ्या.

कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मात्र निर्मनुष्य बोटीत ठेवू नका. या हवेत ते काही आठवड्यांत भरतात, आणि त्यात जमलेलं पाणी सांडलं तर स्टील आणि ॲल्युमिनियम खातं.

किड्यांसाठी घरचाच उपाय: बोरिक पावडर, कणीक आणि साखर सम प्रमाणात, थोड्या दुधात मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या. बाटलीच्या झाकणात ठेवून बिल्जच्या कोरड्या कडांना, इंजिनामागे, गॅसच्या शेगडीखाली. झुरळांना घाईने मारणारे फवारे थोडेच दिवस टिकतात, या गोळ्या वाळूनही महिनोन् महिने काम देतात. यार्डात मुंग्या टेकूंवरून, शिडीवरून आणि विजेच्या केबलवरून चढतात. शिडी काढून आडवी ठेवा, प्रत्येक टेकूला ग्रीसचा चार बोटं रुंद पट्टा मारा, आणि केबलला मध्ये एक खाली लोंबणारा झोल देऊन तिथेही ग्रीस लावा. यार्डात सीकॉक उघडे ठेवायचे, म्हणजे होजमधलं पाणी निघून जातं, पण बाहेरच्या भोकात भांडी घासायची स्टीलची तार कोंबा.

कुंभारीण माशीकडे दुर्लक्ष करू नका. डिझेल टाकीचा व्हेंट म्हणजे हलच्या (बोटीच्या अंगाच्या) बाजूला करंगळीएवढं भोक, आणि तिला घर करायला तेच आवडतं. एका आठवड्यात ती चिखलाने ते लिंपून टाकते. परत आल्यावर इंजिन सुरू होतं, अर्धा तास चालतं आणि बंद पडतं. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पंपाला डिझेल ओढता येत नाही, आणि लोक फिल्टर बदलत बसतात. व्हेंटच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी बसवा आणि रबर बँडने आवळा. टेप लावू नका, कारण तापमान बदललं की टाकीला हवा लागतेच. पाण्याच्या टाकीचा, गॅस लॉकरचा आणि होल्डिंग टँकचा (संडासाचं पाणी साठवायच्या टाकीचा) व्हेंट, पोकळ बूमची (शिडाच्या आडव्या काठीची) टोकं, सगळीकडे जाळी.

डेकवरून सगळी शिडं उतरवा. फर्लरवर (शीड गुंडाळायच्या फिरत्या नळीवर) गुंडाळून ठेवलेली जेनोआ (पुढचं मोठं शीड) हे यार्डातल्या नुकसानीचं नेहमीचं कारण आहे. वाऱ्याने टोक सुटतं, शीड फडफडून फाटतं आणि टेकूंवरची बोट हलायला लागते. शिडं गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, घडी करून फरशीवर नाही तर बंकवर ठेवा. हॅलियार्डही (शीड वर चढवायची दोरी) काढा, पण त्याआधी त्याच्या टोकाला ३ मिलिमीटरची पातळ दोरी जोडा. नुसती गाठ मास्टच्या चक्रीवर अडकते, म्हणून दोन टोकं समोरासमोर आणून सुईदोऱ्याने चार टाके घाला आणि वरून टेप गुंडाळा. दोरी खेचून घेतल्यावर जाड हॅलियार्ड हातात आणि पातळ दोरी काठीवर. पाच महिन्यांचं ऊन मग तिने सोसावं. बिमिनी आणि स्प्रेहूड (कॉकपिटवरची कापडी छतं), लाइफबॉय, विंचची (दोरी ओढायच्या चरखीची) हँडलं आत. हॅचच्या ॲक्रिलिकला पांढरं कापडी कव्हर घाला, उघड्या उन्हात त्याला बारीक तडे जातात. लाइफराफ्टची सर्व्हिसिंग जवळ आली असेल तर याच काळात ती कामाला द्या, म्हणजे एक मोठी वस्तू बोटीबाहेर जाईल.

इंजिनाचं तेल जाण्याआधी बदला, आल्यावर नाही. जुन्या तेलातली आम्लं पाच महिने बेअरिंगवर बसून राहतात. खाऱ्या पाण्याच्या बाजूला गोडं पाणी फिरवा आणि इम्पेलर काढा, कारण वाकलेली रबरी पाती तशीच राहतात. मग इंजिनाची किल्ली इंजिनाच्या सीकॉकच्या दांड्याला अडकवा आणि "इम्पेलर काढला आहे" अशी चिठ्ठी तिलाच बांधा. डिझेल टाकी ९५ टक्के भरा. मलेशियातल्या डिझेलमध्ये पाम तेलाचं बायोडिझेल असतं, ते ओल पटकन धरतं आणि त्यात डिझेलची बुरशी फोफावते, म्हणून टाकी भरण्याआधी बायोसाइड टाका, म्हणजे ते नीट मिसळतं. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून झाकणं उघडी ठेवा. वॉटरमेकरच्या (खारं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राच्या) मेम्ब्रेनला कंपनीने सांगितलेलं रसायन भरा, आणि ते मिसळायला क्लोरीन नसलेलं पाणी वापरा. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी मेम्ब्रेन कायमचं खराब करतं. संडासात पाच-सहा लिटर गोडं पाणी, मग दोन लिटर व्हिनेगर रात्रभर, मग पुन्हा गोडं पाणी. गॅस सिलिंडरवरच बंद करून रेग्युलेटर काढा.

बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या असतील तर पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर भरून, सौर चार्जरवर ठेवा. उष्णतेत त्या स्वतःहून लवकर उतरतात. लिथियमच्या असतील तर साधारण निम्म्यावर आणून पूर्ण तोडा, आणि बिल्जपंपासाठी एक वेगळी छोटी लेड-ॲसिड, थेट वायरने, तिच्या स्वतःच्या छोट्या पॅनेलवर.

मलाक्का सामुद्रधुनीच्या भागात विजा फार पडतात. व्हीएचएफची (बोटीच्या रेडिओची) अँटेना डोलकाठीच्या पायथ्याशी सोडवा, यंत्रांच्या वायरी मागून काढा. हातातला व्हीएचएफ आणि जुना जीपीएस घरी नेणार नसाल तर शेगडीच्या ओव्हनमध्ये ठेवा. धातूची बंद पेटी असल्याने बाहेरच्या झटक्यापासून बराच बचाव होतो. ओव्हनच्या नॉबवर चिठ्ठी चिकटवायला मात्र विसरू नका. ईपर्ब (संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र) बंद करून, त्याचे पाण्याने सुरू होणारे संपर्क कोरडे राहतील असा, केबिनच्या आत. घरी नेणार असाल तर लिथियम सेल आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यावे लागतात. फ्लेअर (संकटात पेटवायचे इशाऱ्याचे बार) विमानात चालत नाहीत.

बोटीवर लक्ष ठेवायला पैसे देऊन माणूस नेमा, मैत्रीखात्यात नको. मैत्रीत "जाऊन ये ना" असं तिसऱ्यांदा म्हणवत नाही. दर पंधरा दिवसांनी एक फेरी, शिवाय मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी. त्याच्याकडून दर वेळी चार फोटो: आर्द्रतामापक, बिल्ज, कॉकपिटचे ड्रेन, बॅटरीचा व्होल्टमीटर. जाण्याआधी बिल्ज स्पंजने टिपून खडखडीत कोरडी करा, म्हणजे फोटोत कपभर पाणी दिसलं तरी ती बातमी असेल. आधीच चार लिटर असेल तर नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे कुणालाच कळत नाही. चार्ट टेबलावर सीकॉक कुठे आहेत त्याचा हाताने काढलेला नकाशा, इंग्रजीत, कारण यार्डातला माणूस मराठी वाचणार नाही. लॉकरच्या शीटचीही एक इंग्रजी प्रत त्याला द्या.

परतीची एक पिशवी सगळ्यात वर, एकटी, दारासमोर ठेवा: दोन चादरी, नवे सेल वेगळ्या पाकिटात आणि टॉर्च, किटली, चहा-साखर, नवा इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट, एक स्क्रूड्रायव्हर. पुण्याहून पोचलेल्या रात्री बाकी कुठलाही लॉकर उघडावा लागू नये.

बोट पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी तारेच्या घासण्या काढा, ड्रेन प्लग परत बसवा आणि सगळे सीकॉक बंद करा. बोट पट्ट्यांवर लोंबकळत पाण्याला टेकली की क्रेनवाल्याला तिथेच थांबवा. आत जाऊन एकेक सीकॉक उघडा, प्रत्येक होज आणि क्लिप हाताने चाचपा. प्रॉपेलरच्या शाफ्टवर बेलोजचा (घडीदार रबरी नळीचा) सील असेल तर बेलोज मागे दाबून आत अडकलेली हवा बाहेर काढा, नाहीतर सील कोरडा चालून जळतो. हे सगळं झाल्याशिवाय पट्टे सोडायला सांगू नका, मागे कितीही बोटी रांगेत असल्या तरी.